रात्री पंपाची नळी ग्राहकाच्या हाती द्या

पेट्रोल आपलं आपण भरावं की पंपावरच्या माणसाकडून भरून घ्यावं, हा विषय आपल्याकडे कोणी काढला तर उत्तर ठरलेलं असतं: हे शहरातल्या कारवाल्यांचे चोचले, दारव्हा-मेहकर-मूलकडे त्याचं काय काम? मला नेमकं उलटं वाटतं. शहरात याची काही गरज नाही. खेड्यातही दिवसा नाही. पण हायवे सोडून आत शिरलं की रात्री नऊ-दहाला कुलूप लागणारे जे पंप आहेत, तिथे रात्रीपुरती नळी ग्राहकाच्या हाती द्यायला हवी. ही सोय भारतात कुठे सुरू करायचीच असेल तर पुण्या-मुंबईच्या आधी ती ग्रामीण विदर्भात सुरू व्हावी.

हा वाद सगळ्यात जास्त रंगला तो अमेरिकेत. १९४९ साली न्यू जर्सी राज्यातल्या हॅकेन्सॅकला आयर्विंग राइनगोल्ड नावाच्या माणसाने २४ पंपांचं मोठं ठाणं टाकलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, तुमचं तुम्ही भरा आणि पैसे वाचवा. आजूबाजूचे २१.९ सेंटला गॅलन विकत होते, हा १८.९ सेंटला. गाड्यांच्या रांगा लागल्या. बाकीचे पंपवाले धावले ते थेट विधिमंडळाकडे, आणि त्याच वर्षी कायदा झाला: ग्राहकाने नळीला हात लावायचा नाही. कारण दिलं आगीच्या धोक्याचं. धोका खोटा नव्हता, पण कायद्याची घाई कोणाला झाली होती हे उघड आहे. तो कायदा आजही आहे.

ऑरेगन राज्याने १९५१ साली तशीच बंदी घातली. तिथली पुढची गोष्ट आपल्या कामाची आहे. ऑरेगनचा पूर्व भाग कोरडा आणि विरळ वस्तीचा. रात्री पंपावर माणूस नसायचा आणि कायद्याने स्वतः भरताही यायचं नाही, म्हणून वाटसरू उजाडेपर्यंत गाडीत झोपून राहायचे. २०१५ साली तिथे ठरलं की ४० हजारांहून कमी लोकसंख्येच्या काउंटींमध्ये (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांमध्ये) संध्याकाळी ६ ते सकाळी ६ पर्यंत ग्राहकाने स्वतः भरलं तरी चालेल. २०१८पासून ही सवलत वाढवली. ऑगस्ट २०२३मध्ये राज्यभर मोकळीक मिळाली, पण मोठ्या वस्तीच्या भागांत निम्म्या पंपांवर माणूस ठेवायची अट राहिली. म्हणजे बंदी आधी सैल झाली ती आडबाजूला आणि रात्री. आता पूर्ण बंदी असलेलं न्यू जर्सी हे तिथलं एकटं राज्य उरलं आहे.

आपल्याकडे दिवसा ही पद्धत का नको, ते आधी सांगतो.

पहिलं कारण पैशाचं. राइनगोल्डकडे लोक गेले ते गॅलनमागे ३ सेंट वाचत होते म्हणून. आपल्या पंपचालकाला भाव कमी करायची मुभाच नसते. भाव तेल कंपनी ठरवते, जून २०१७पासून रोज सकाळी ६ वाजता तो बदलू शकतो, आणि पंपावर त्याच भावाने विकावं लागतं. चालकाला मिळतं ते ठरलेलं कमिशन. उद्या चार पोरांच्या जागी दोनच ठेवले आणि नळ्या गिऱ्हाइकांच्या हाती दिल्या, तर वाचलेला पगार तुमच्या-माझ्या खिशात एक पैसाही येणार नाही. काम आपण करायचं आणि बचत दुसऱ्याची, असा हा सौदा आहे. पंपचालकांचीही बाजू आहे म्हणा. त्यांचं कमिशन सात वर्षं जागचं हललं नव्हतं, ऑक्टोबर २०२४मध्ये ते पेट्रोलवर लिटरमागे ६५ पैसे आणि डिझेलवर ४४ पैसे वाढलं. पण त्यांची अडचण ग्राहकाच्या घामाने सोडवायची, हा न्याय मला पटत नाही.

दुसरं कारण मोटरसायकल. या वादात परदेशातले दाखले देणारे लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे तिथे नळी जाते कारच्या मागच्या अंगाला, इंजिनापासून लांब. आपल्या तालुक्याच्या पंपावर दहातली सात-आठ वाहनं दुचाकी असतात. टाकी दोन पायांच्या मध्ये आणि तिच्या बरोबर खाली तापलेलं इंजिन. नळीच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. तेल तिथपर्यंत चढलं की आत ओढली जाणारी हवा अडते आणि नळी 'टक्' करून आपोआप बंद होते. कारच्या लांब गळ्यात हे बरोबर चालतं. मोटरसायकलच्या उथळ टाकीत नळी नीट आत जात नाही, फेस उसळतो, आणि तो 'टक्' येईपर्यंत पेट्रोल टाकीवरून खाली उतरलेलं असतं. म्हणून पंपावरचा पोट्टा नळी अर्धवट बाहेर धरून, आत डोकावत, शेवटचे दहा-वीस रुपये थेंबाथेंबाने सोडतो. दिवसात शेकडो टाक्या भरल्यावर हा हात येतो. मागच्या सीटवर लेकरू, हँडलला भाजीची पिशवी आणि मागून हॉर्न, अशा वेळी हे काम ज्याच्या त्याच्यावर सोपवण्यात शहाणपण नाही.

त्यात आपला उन्हाळा. पेट्रोलची वाफ पेट घेण्याइतकी तयार व्हायला ऊन लागतच नाही, शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही ती तयार होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या ४५-४६ अंशांत ती किती झपाट्याने निघत असेल याचा अंदाज करा. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे वर न जाता खाली पसरते. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीजही लवकर साठते. अमेरिकेत स्वतः भरणाऱ्यांच्या बाबतीत आगीचे जे प्रकार घडले त्यातले बरेचसे असे: नळी लावून ठेवायची, गाडीत जाऊन बसायचं, सीटला कपडे घासून परत यायचं आणि नळीला हात लावायचा. बोटातून ठिणगी उडते. मे महिन्यात टेरीकॉटचा शर्ट काढताना अंधारात चटचट आवाज येतो, तीच ही वीज. सीएनजीचं तर नावच नको. २०० बारच्या दाबाचं ते काम शिकलेल्या माणसाचंच.

स्वतः भरण्याच्या बाजूचा सगळ्यात लोकप्रिय मुद्दा मापाचा. पंपावर फसवतात, आपल्या हाती नळी आली की फसवणूक बंद, असं लोक सरसकट म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. "भाऊ, झिरो पाहून घ्या," असं तोंडाने म्हणायचं आणि आकडे शून्यावर येण्याआधीच नळी दाबायची, किंवा पाचशे सांगितले असता दोनशेवर थांबून "किती म्हणाले?" असं विचारायचं आणि त्या गोंधळात मीटर तिथूनच पुढे न्यायचं, या हातचलाख्या बंद होतील. पण मोठी चोरी मशीनच्या पोटात असते. एप्रिल २०१७मध्ये लखनौच्या पंपांवर उत्तर प्रदेशच्या विशेष कृती दलाने धाडी टाकल्या तेव्हा मशीनमध्ये बसवलेल्या चिपा सापडल्या, त्या रिमोटवर चालायच्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात केलेल्या कारवाईतही तेच निघालं. अशा मशीनपुढे नळी तुमच्या हाती असली काय किंवा पोट्ट्याच्या हाती असली काय, माप कमीच येणार.

त्यावर इलाज आहे आणि तो आजही आपल्या हातात आहे. प्रत्येक पंपावर वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का मारलेलं ५ लिटरचं माप ठेवावं लागतं. ग्राहकाने म्हटलं की त्यात मोजून दाखवणं बंधनकारक आहे, आणि ५ लिटरला २५ मिलिलिटरपेक्षा जास्त कमी भरलं तर तक्रार करता येते. भेसळीची शंका असेल तर पेट्रोलचा थेंब फिल्टर पेपरवर टाकून पाहता येतो, घनता मोजून नोंदवहीतल्या आकड्याशी ताडून बघता येते. आपल्याकडे हे माप मागायची लाज वाटते. शंभराचं पेट्रोल टाकायचं आणि पाच लिटरचं माप मागायचं, लोक हसतील ना! त्यापेक्षा भल्या पहाटे थंड वेळी पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, यावर आपला विश्वास. टाक्या जमिनीच्या पोटात असतात, तिथे दिवसा-रात्रीत तापमान फारसं हलत नाही, हे कोणी ऐकत नाही.

राहिला रोजगाराचा प्रश्न. बारावी झालेल्या, पुढे शिकायची ऐपत नसलेल्या पोरा-पोरींना तालुक्याच्या गावात जी मोजकी नगदी कामं मिळतात त्यात पंप येतो. ते काम चांगलं आहे असं म्हणणार नाही. दिवसभर वाफेत उभं राहायचं, आणि संध्याकाळी हिशोबात शॉर्ट आला की तो पगारातून कापला जायचा, ही कितीतरी ठिकाणची रीत आहे. तरी ते काम हिरावून बदल्यात ग्राहकाला काहीच मिळणार नसेल तर हिरावायचं कशाला? काही मिळणार असतं, तर मी एवढ्या एका कारणावर अडून बसलो नसतो.

आता रात्रीचं बघू. रात्री वरची सगळी कारणं उलटी होतात. पंपावर पोट्टा नसतोच, त्यामुळे कोणाचा रोजगार जात नाही. दुचाक्यांची गर्दी नसते, रांग नसते, ऊन नसतं. असते ती फक्त निकड. सिरोंच्याहून गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय दोनशे किलोमीटरच्या आसपास. अवघडलेली बाई घेऊन रात्री कोणाची तरी बोलेरो निघते तेव्हा टाकीत किती तेल आहे हे पाहून कळा सुरू होत नाहीत. वाटेत पंप दिसतो, दिवा दिसतो, आणि प्रवेशाला आडवे टाकलेले दोन ड्रम आणि दोरी दिसते. हॉर्न वाजवला तर खोलीतून आवाज येतो, "सकाळी सहाले या." आत माणूस आहे, टाकीत तेल आहे, मशीनला वीज आहे, तरी तेल मिळत नाही.

का मिळत नाही? कारण दोन आहेत. रात्रीच्या चार-पाच गाड्यांच्या विक्रीवर दुसऱ्या पाळीचा पगार निघत नाही. आणि रोकड. निर्जन रस्त्यावर रात्री गल्ल्यात पैसे घेऊन बसायला कोणी तयार नसतं, आणि पंप लुटल्याच्या बातम्या वाचल्यावर त्याला दोष देववत नाही. राखणीला झोपलेला माणूस बाहेर येत नाही तो आळसाने नाही, भीतीने.

पंप बंद असतो म्हणून लोक काय करतात, हेही बघायला हवं. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं तेव्हा थ्रेशर आणि हार्वेस्टर रात्र-रात्र चालतात. पाऊस येईल या धास्तीने कोणी सकाळची वाट पाहत नाही. मग डिझेल घरी साठवलं जातं. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे डिझेलच्या वर्गातलं तेल छोट्या ड्रमांत २,५०० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतं, तेव्हा गोठ्याच्या कोपऱ्यात ड्रम असणं बेकायदा नाही. पण त्या ड्रममधून ट्रॅक्टरमध्ये तेल कसं जातं? प्लॅस्टिकची नळी आत सोडायची, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं, तेल जिभेला लागलं की थुंकायचं आणि नळी टाकीत खुपसायची. एखाद्या वेळी थुंकायच्या आधी ठसका लागतो. डिझेल पोटापेक्षा फुप्फुसात गेलेलं जास्त वाईट. थोडंसंच उतरलं तरी जिवावर बेतणारा न्यूमोनिया होतो, आणि घरचे लोक मीठपाणी पाजून उलटी करवतात त्याने ते पुन्हा छातीत जातं.

पेट्रोलची तऱ्हा आणखी वेगळी. किराणा दुकानाबाहेर पाण्याच्या बाटलीत लाल-पिवळसर पेट्रोल टांगलेलं असतं, लिटरमागे दहा-वीस रुपये चढे. परवाना नसताना ते विकणं गुन्हा आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. आत उदबत्ती, काडेपेटी, वर चिमणीसारखा लटकणारा बल्ब आणि दारात पेट्रोल. रात्री बाराला दार ठोठावलं तर हाच माणूस उठून बाटली देतो. तुम्ही मोबाइलच्या उजेडात, कागदाची पुंगळी करून, स्वतः टाकीत ओतता.

तेव्हा "खेड्यातल्या माणसाच्या हाती नळी कशी द्यायची, तो भडका करेल" असं म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे की सध्या त्याच्या हाती काय आहे? बाटली, पुंगळी आणि तोंडाने ओढायची नळी. पंपावरची नळी या तिन्हींपेक्षा सुरक्षित आहे. तिला अर्थिंग असतं, आपोआप बंद होण्याची सोय असते, बाजूला वाळूच्या बादल्या आणि आग विझवायची नळकांडी असतात.

हे करायचं कसं, यासाठी जपानकडे पाहावं. तिथे १९९८पर्यंत स्वतः भरायला बंदीच होती. ती उठवली तेव्हा एक अट राहिली: पंपावर धोकादायक पदार्थांचं प्रशिक्षण घेतलेला माणूस हवा. तो आत बसून बघतो, गाडी नीट लागली, नळी टाकीत गेली, की आतून परवानगीचं बटण दाबतो. तोवर तेल येत नाही. आपल्या पंपावर राखणीला झोपणारा माणूस असतोच. त्याला हे काम शिकवावं, रात्रीचा वेगळा भत्ता द्यावा, खोलीला जाळी आणि आतून कडी असावी. पैसे फक्त मोबाइलवरून किंवा कार्डाने, तेल येण्याआधी. गल्ल्यात रोकडच नसेल तर लुटायचं काय? रात्री नेटवर्क दिवसापेक्षा बरं चालतं हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे, आणि पैसे कटले पण तेल आलं नाही अशी वेळ आली तर आत बसलेला माणूस आहेच तोंड द्यायला. पेट्रोल एका वेळी दहा-बारा लिटरपर्यंतच मिळावं, आणि डबकी, म्हणजे कॅन, घेऊन आलेल्याला रात्री पेट्रोल नाहीच. जाळपोळीची भीती धरून मी ही अट घालतो आहे. अडलेल्या भल्या माणसाचीही त्यात गैरसोय होईल, पण ती मला चालेल. ट्रॅक्टरसाठी डिझेलची डबकी मात्र चालू ठेवावी, नाहीतर गोठ्यातला ड्रम आहे तिथेच राहील.

वयस्क माणसं, पहिल्यांदा नळी हाती धरणारे, एकटी बाई, यांचं काय, असं कोणी विचारेल. आतला माणूस बाहेर येऊन मदत करू शकतो, गल्ल्याची भीती नसली की तो येईलही. आणि उजेड. छपराखालचे सगळे दिवे रात्रभर चालू ठेवायची सक्ती हवी, विजेचं बिल कंपनीने सोसावं.

या सगळ्याला मंजुरी द्यायची कोणी? पेट्रोल साठवण्या-विकण्याच्या सुरक्षेचं काम देशभरात ज्या कचेरीकडे आहे, त्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय दिल्लीत नाही, आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. एवढ्या कामासाठी कोणाला दिल्लीची गाडी धरायची गरज नाही. एका जिल्ह्यात, गडचिरोलीत म्हणा, मोजक्या पंपांवर एक हंगाम करून पाहावं, आणि काय घडलं त्याची नोंद लोकांपुढे ठेवावी.

आमच्या भागातल्या एका पंपचालकाशी मी यावर बोललो. आग, चोरी, रोकड हे सगळं त्याने ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं, "रातच्याले एखाद्यानं नळी टाकीतच ठेवली अन् गाडी काढली तं?" ताण आला की नळी मधल्या जोडातून सुटते आणि दोन्ही तोंडं बंद होतात, असा जोड मिळतो, हे मी सांगितलं. "ते नव्या मशीनले राह्यते," तो म्हणाला, "माह्या मशीनले नाई." हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. आडगावच्या, कमी विक्रीच्या पंपावर मशीनं जुनी असतात, कारण नवी आधी हायवेला जातात. रात्रीच्या पाच गाड्यांसाठी तो जोड, आतलं बटण आणि कॅमेरे यांचा खर्च तो चालक करणार नाही, आणि त्याने का करावा? मशीनं बहुतेक ठिकाणी तेल कंपन्यांनीच बसवलेली आहेत. तेव्हा नळी ग्राहकाच्या हाती द्यायच्या आधी, या जोडांचं बिल कंपन्या भरणार की नाही, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावं लागेल.